सापडलेल्या वस्तूंवरून वादातली रणभूमी कशी शोधावी: अमेरिकेतल्या हौशी मराठी मंडळींसाठी

पहिल्या दिवशी तासाभरातच मला शिशाची एक गोळी सापडली. जड, पांढुरकी, एका बाजूने चेपलेली. मी ती उचलली, पँटला पुसली आणि धावत जाऊन आमच्या गटाच्या पुरातत्त्वज्ञ बाईंना दाखवली. त्यांनी गोळीकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुठे होती?" एवढंच विचारलं. मी मागे वळून हात केला, "तिथेच, त्या झुडपाजवळ." तशी झुडपं तिथे तीनेकशे असतील. बाई म्हणाल्या, "मग आता हे फक्त शिसं आहे."

त्या दिवसापासून सहा वर्षं झाली. डेन्व्हरला राहतो, पोटापाण्याला सॉफ्टवेअर, आणि सुट्टीच्या दिवशी पूर्व कोलोरॅडोच्या माळावर हेडफोन लावून हिंडतो. १८६०-७० च्या दशकांत इथे सैन्य आणि मूळनिवासी जमाती यांच्यात अनेक चकमकी झाल्या. त्यातल्या कितीतरींची जागा नक्की कुठली यावर आजही भांडणं आहेत. स्वयंसेवक म्हणून यात शिरायचं असेल तर काय करावं, काय टाळावं, हे कुणीतरी मला मराठीत सांगायला हवं होतं. म्हणून हे लिहितो.

उदाहरण मुख्यतः इथल्याच सँड क्रीक या ओढ्याकाठचं घेतो. २९ नोव्हेंबर १८६४ ला पहाटे कर्नल जॉन चिव्हिंग्टनच्या सुमारे ६७५ सैनिकांनी इथल्या शायान आणि अरापाहो छावणीवर हल्ला केला. दोनशेहून जास्त माणसं मारली, त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत या घटनेला लढाई म्हणत. आज राष्ट्रीय स्मारकाच्या अधिकृत नावातच 'कत्तल' हा शब्द आहे, आणि तो तसाच असायला हवा. इतकी मोठी घटना, लष्करी चौकशी झालेली, साक्षी छापलेल्या, तरी शंभर-सव्वाशे वर्षांनी छावणी ओढ्याच्या कुठल्या वळणावर होती ते कुणाला छातीठोक सांगता येईना.

१. आधी परवानगी, मग यंत्र

मेटल डिटेक्टर विकत घ्यायच्या आधी हे वाचा. सरकारी आणि जमातींच्या जमिनीवर १९७९ चा पुरातत्त्वीय संपत्ती संरक्षण कायदा लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय काढली तर दंडही आहे आणि तुरुंगही. राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत डिटेक्टर नुसता जवळ बाळगणंही नियमाविरुद्ध. सँड क्रीक आणि लिटल बिगहॉर्न (मोंटानातली १८७६ ची रणभूमी) ही दोन्ही ठिकाणं यात येतात. तिथे पाहुणे म्हणून जा, यंत्र घरी ठेवा.

इथे एक फसवी पळवाट आहे. त्या कायद्यात सुट्या गोळ्या आणि नाणी यांचा सवलतीत उल्लेख आहे, आणि हौशी लोक तो एकमेकांना मोठ्या खुशीने दाखवतात. पण ती सवलत पुरातत्त्वीय महत्त्व नसलेल्या वस्तूंना आहे. रणभूमीवरची गोळी तशी नसते. एच-१बी वर असाल तर हा प्रयोग मुळीच करू नका.

खाजगी रानात मालकाची परवानगी लागते, आणि ती लेखी. सापडलेली वस्तू साधारणपणे जमीनमालकाची असते, तुमची नाही. सर्वात सोपा मार्ग म्हणजे आपल्या राज्याच्या पुरातत्त्व संस्थेचं सदस्य व्हा, त्यांचं प्रशिक्षण घ्या आणि त्यांच्या सर्वेक्षणात हमाली करा. मी तेच केलं. पहिले दोन मोसम झेंड्या वाहिल्या.

सोबत लागणारी कागदपत्रं:

- जमीनमालकाचं सहीचं पत्र. त्यात तारखा, शेताची हद्द आणि वस्तू शेवटी कुणाकडे राहणार ते लिहिलेलं हवं
- सर्वेक्षणप्रमुखाचा परवाना किंवा प्रकल्पाचं पत्र
- शेजारच्या मालकाचा फोन नंबर (हद्दीची तार कुठे आहे हे गूगलला कळत नाही)
- स्थानिक शेरिफच्या कार्यालयाचा नंबर

शेवटच्याचं कारण सांगतो. मानवी हाड दिसलं, किंवा नुसती शंका आली, तरी काम जिथल्या तिथे थांबतं. हात लावायचा नाही, फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा नाही. प्रमुखाला सांगायचं, ते शेरिफला कळवतात, आणि पुढे संबंधित जमातींना कळवलं जातं. त्यांच्यासाठी ही नातलगांची दफनभूमी आहे.

२. सगळ्या दाव्यांची वही करा

जागा वादात आहे म्हणजे दोन-तीन दावे आहेत. प्रत्येक दाव्याला एक पान द्या: कोण सांगतो, घटनेनंतर किती वर्षांनी सांगतो, तो स्वतः तिथे होता का, अंतर किती देतो, दिशा कुठली, आणि खूण कसली (कडा, वळण, झरा, पायवाट). मत नंतर बनवा.

सँड क्रीकच्या बाबतीत दोन नकाशे समोरासमोर उभे होते. पहिले जॉर्ज बेंटचे. त्याची आई शायान. हल्ल्याच्या दिवशी तो छावणीतच होता आणि जखमीही झाला. पण नकाशे त्याने काढले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, चाळीसेक वर्षांनी. त्यात ओढ्याच्या वळणात छावणी दिसते, आणि शायान परंपरा त्यावर विश्वास ठेवते. दुसरा नकाशा लेफ्टनंट सॅम्युएल बॉन्सॉलचा, १८६८ सालचा. तो हल्ल्यात नव्हता, पण चारच वर्षांनी जनरल शर्मनला घेऊन त्या वाटेने गेला आणि वाटेचा नकाशा काढताना ती जागा नोंदवून ठेवली. हा कागद शिकागोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून होता आणि संशोधकांच्या हाती लागला तो १९९० च्या दशकात. त्यावरून जागा पारंपरिक वळणाच्या वरच्या अंगाला पडत होती.

आता यातला खरा कोण? हा प्रश्न या पायरीवर विचारायचाच नाही. एकाची आठवण आतून आलेली आहे पण उशिरा लिहिलेली. दुसऱ्याचं मोजमाप लवकरचं आहे पण परक्याचं. दोन्ही पानं वहीत शेजारी शेजारी ठेवा. मला एक सवय फार उपयोगी पडली. आजीच्या तोंडून ऐकलेल्या गावच्या गोष्टी जशा ऐकतो तशा या साक्षी ऐकायच्या. अंतरं चुकतात, वर्षं चुकतात, पण "कड्याखाली पाणी होतं" असली खूण सहसा चुकत नाही.

सैनिकांच्या मैलांवरही फार विसंबू नका. रात्रभर घोड्यावर बसून आलेल्या माणसाचे चाळीस मैल म्हणजे अंदाज. आणि सँड क्रीकच्या सैनिकांवर पुढे चौकशी बसली होती, म्हणजे काहींना अंतरं वाढवून-घटवून सांगण्यात रस होता हेही ध्यानात ठेवा.

३. ती जमीन अजून आहे का ते बघा

ओढे जागा बदलतात. पुराने किनारा कापतो, वाळू साचते, १८६४ चा पृष्ठभाग चार हात खाली गाडला जातो किंवा वाहून जातो. डिटेक्टर गोळीएवढी वस्तू वीतभर, फार तर दीड वीत खोलीवरची ऐकतो. जुना थर त्याहून खाली असेल तर दिवसभर चालून काहीच मिळणार नाही, आणि तुम्ही निष्कर्ष काढाल की इथे काही घडलंच नाही.

म्हणून सँड क्रीकला आधी भूरूपतज्ज्ञांनी ड्रिलने मातीचे नमुने काढून तपासले, आणि १९३० च्या दशकातली विमानातून घेतलेली छायाचित्रं अभ्यासून जुन्या वाटांच्या खुणा शोधल्या. नमुन्यांची चैन तुमच्या गटाला परवडणार नाही. जुनी हवाई छायाचित्रं मात्र मिळवाच, त्यांत पुसट वाटा आजच्या उपग्रहचित्रापेक्षा स्पष्ट दिसतात.

इथेच आम्ही सपशेल आपटलो होतो. जुने छापील भूमापन नकाशे १९२७ च्या आधारपद्धतीवर (डेटम, म्हणजे जागेचे आकडे मोजायचा पाया) काढलेले असतात, आजचे जीपीएस १९८४ च्या. तोच आकडा एका पद्धतीतून दुसरीत न बदलता टाकला तर मीटरच्या जाळीत जागा उत्तर-दक्षिण सुमारे दोनशे मीटर सरकते. आमच्या एका यंत्राची सेटिंग जुनी राहिली होती. एक अख्खा शनिवार आम्ही शेजारचा ओहोळ पिंजून काढला आणि 'काही नाही' अशी नोंद केली. ती नोंद खोडायला पुढचा मोसम गेला. सकाळी निघताना सगळ्यांनी आपापली यंत्रं एकाच ओळखीच्या खांबापाशी ठेवून आकडे जुळवा. पाच मिनिटांचं काम आहे.

४. काय सापडायला हवं, ते आधी लिहून ठेवा

सापडल्यावर ठरवायला गेलं की माणूस आपल्याला हवं तेच बघतो. म्हणून यादी आधी.

लष्कराकडे त्या तारखेला कुठल्या बंदुका होत्या, हे शस्त्रांच्या नोंदींवरून कळतं. सँड क्रीकला सैन्याने चार १२ पौंडी पहाडी हॉवित्झर तोफा आणल्या होत्या. शिकाऱ्याकडे किंवा गुराख्याकडे तोफ नसते. फुटलेल्या गोळ्याची बिडाची कपची मिळाली की सैन्य इथे गोळे टाकत होतं, एवढं तरी नक्की. ही अशी 'दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही' प्रकारची वस्तू आपल्या घटनेसाठी कुठली, ते शोधा.

छावणीची यादी वेगळी: लोखंडी भांड्यांचे तुकडे, टिनचे पेले, चमचे, कातडी खरवडायची हत्यारं, आरी, आणि पिंपाच्या लोखंडी पट्टीतून कापलेली बाणाची पाती.

आणि तिसरी यादी, जी नवखे कधीच करत नाहीत: काय सापडलं तर ते आपल्या घटनेचं *नाही*. काटेरी तारेचं ग्लिडनचं पेटंट १८७४ चं, म्हणजे १८६४ च्या जागेवर तारेचा तुकडा हा नंतरच्या शेतकऱ्याचा. गोल तारेचे खिळे सर्रास झाले ते १८९० च्या आसपास, त्याआधीचे कापीव, चौकोनी. सरकारी कारखान्याच्या काडतुसाच्या बुडावर महिना-वर्षाचे आकडे १८७७ पासून येऊ लागले. म्हणून लिटल बिगहॉर्नला, जिथे जून १८७६ मध्ये कस्टरची तुकडी संपली, आकडे असलेली पुंगळी (गोळी उडाल्यावर उरलेलं रिकामं काडतूस) मिळाली तर ती मागाहून आलेल्या कुणाची तरी आहे.

बंदुकीवरून बाजू ठरवू नका. लिटल बिगहॉर्नला लाकोटा-शायान योद्ध्यांकडे हेन्री आणि विंचेस्टरसारख्या भराभर उडणाऱ्या बंदुका होत्या, आणि सैनिकांकडे एकेक काडतूस भरायच्या स्प्रिंगफील्ड. शिवाय लढता लढता बंदुका हातबदल करतात.

५. सामान

डिटेक्टर मध्यम किमतीचा चालतो. हेडफोन हवेतच, वाऱ्यात आवाज कळत नाही. बारीक तारेच्या रंगीत झेंड्या भरपूर, छोटी खुरपी, चिकटपट्टीच्या प्लास्टिक पिशव्या, न पुसणारं पेन, नोंदवही, होकायंत्र, मोजपट्टी आणि जीपीएस. फावडं आणू नका, आणलंत तर मालकाचा चेहराच बदलतो. घोट्याच्या वर येणारे बूट घाला, कारण इथे खुळखुळ्या साप आहेत आणि हेडफोनमुळे त्याची खुळखुळ ऐकू येत नाही. पायात स्टीलच्या टोकाचे बूट मात्र नकोत, यंत्र दिवसभर तुमच्याच पायावर ओरडत राहील.

यंत्राची एकच सेटिंग सांगतो. दुकानातून आणल्यावर ते बहुधा लोखंड गाळायला लावलेलं असतं, कारण नाणी शोधणाऱ्यांना खिळे नको असतात. आपल्याला लोखंडच हवं आहे. बाणाचं पातं लोखंडी, तोफगोळ्याची कपची लोखंडी, भांडं लोखंडी. ती गाळणी पूर्ण बंद करा. जुन्या संग्राहकांनी शंभर वेळा चाळलेल्या माळावरही यामुळे बरंच काही शिल्लक असतं. त्यांनी शिसं आणि पितळ नेलं, गंजका कचरा म्हणून लोखंड फेकून दिलं.

६. चालायचं कसं

ऑगस्ट १९८३ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या माळाला वणवा लागला, गवत जळून जमीन उघडी पडली, आणि १९८४ पासून डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स आणि स्वयंसेवकांनी तिथे जी पद्धत बसवली तीच आज सगळीकडे चालते. माणसं एका रांगेत, साधारण पाच-पाच मीटरवर, सरळ चालतात. आवाज आला की झेंडी रोवायची आणि पुढे जायचं. *खणायचं नाही.* मागून दुसरा गट येतो, तो वस्तू उघडी करतो पण हलवत नाही. तिसरा गट तिची जागा मोजतो, क्रमांक देतो, गोळी असेल तर ती कुठल्या दिशेला तोंड करून, किती तिरकी रुतली आहे तेही लिहितो. मग ती पिशवीत.

पहिल्या गटातल्या माणसाची घालमेल मी समजू शकतो. पायाखाली काय वाजलं ते न बघता पुढे जायचं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठण्यासारखं. तरी उठा. एकाने खणायला बसलं की रांग वाकडी होते, आणि मधली पट्टी कुणीच चाललेलं नसतं.

काही न मिळालेली पट्टीही नकाशावर भरा. वस्तू धुऊ नका, घासू नका. गंजाखाली कापडाचे किंवा कातड्याचे ठसे असू शकतात. माझी ती पँटला पुसलेली गोळी आठवते ना?

७. वस्तू वाचायच्या त्या एकत्र

पुंगळी पडते ती बंदूक चालवणाऱ्यापाशी, गोळी पडते लक्ष्यापाशी. न झाडलेली, गुळगुळीत गोळी म्हणजे घाईत कुणाच्या हातातून निसटलेली. झाडलेल्या गोळीवर नळीतल्या आट्यांचे चरे उमटतात. पुंगळीवर बंदुकीतल्या, काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या पिनेचा ठसा उमटतो आणि तो प्रत्येक बंदुकीचा निराळा असतो. लिटल बिगहॉर्नला याच ठशांवरून एकेक बंदूक माळावर कुठून कुठे सरकली ते सूक्ष्मदर्शकाखाली जुळवता आलं.

सँड क्रीकला मे १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेच्या गटाने, जमातींचे प्रतिनिधी आणि स्वयंसेवक यांच्यासह, असंच चालून पाहिलं. पारंपरिक वळणात १९९७ च्या पाहणीतही काळाला जुळणारं फार थोडं मिळालं होतं. पण तिथून वर, मैलभराच्या आत, सुमारे चारशे वस्तूंचा पुंजका लागला: छावणीतली भांडीकुंडी, गोळ्या, आणि हॉवित्झरच्या गोळ्याच्या कपच्या. भांडी नुसती मोडलेली नव्हती. ती मुद्दाम ठेचलेली, निकामी केलेली होती. राहायची छावणी, तिच्यावर तोफखाना आणि मागाहून संसाराचा विध्वंस, या तीन गोष्टी एकाच जागी. यातली कुठलीही एक एकटी मिळाली असती तर दहा स्पष्टीकरणं निघाली असती.

तुमच्या पुंजक्यालाही हाच प्रश्न विचारा: याला दुसरं काय कारण असू शकेल? सैन्याचा नेमबाजीचा सराव? रानम्हशींची शिकार? गुराख्यांचा तळ? एकेक कारण वहीत लिहा आणि कशामुळे बाद केलं तेही लिहा. बाद करता येत नसेल तर तसंच राहू द्या.

८. 'मिळालं नाही' याचा अर्थ

इथे मी जरा जास्त वेळ घेतो, कारण भांडणं इथेच होतात. वळणात फारसं मिळालं नाही, म्हणून तिथे छावणी नव्हती, असं म्हणता येईल का? त्या वळणावरच्या कड्यावर १९५० पासून स्मारकशिला आहे. लोक तिथेच येत, आणि आठवण म्हणून काहीतरी उचलून नेत. १८६८ ला शर्मनबरोबरच्या सैनिकांनीही अवशेष गोळा केल्याची साक्ष आहे. म्हणजे शंभर वर्षं रिकाम्या होत आलेल्या जागेवर आपण रिकामेपण मोजत होतो. उलट बाजूने, सगळं लोखंड वेचून नेणारे संग्राहक मी तरी पाहिलेले नाहीत.

जमातींच्या प्रतिनिधींनी आपला आग्रह सोडला नाही: छावणी वळणातच होती. पुरातत्त्वज्ञ वरच्या पुंजक्यावर ठाम राहिले. शेवटी २००० सालच्या कायद्याने सुमारे साडेबारा हजार एकरांची अशी हद्द आखली की दोन्ही जागा आत आल्या, आणि २००७ मध्ये स्मारक प्रत्यक्षात आलं. काहींना ही तडजोड वाटते. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. सातशे-आठशे माणसांची छावणी, पळणारी माणसं, मागे लागलेले घोडेस्वार, हे मैलोन् मैल पसरलेलं होतं. त्याला टाचणी टोचायची जागा एकच असेल हा हट्ट आपला आहे.

९. मग लिहून काढा, पण सगळीकडे नको

मोसम संपल्यावर अहवाल प्रमुखांकडे आणि राज्याच्या पुरातत्त्व कार्यालयाकडे जातो. तुमच्या पट्ट्यांच्या नोंदी, सेटिंग, हवामान, कोण कुठल्या रांगेत होतं, हे सगळं त्यात हवं. अचूक आकडे समाजमाध्यमांवर टाकू नका. जीपीएस चालू असलेल्या फोनने काढलेल्या फोटोच्या पोटात जागा लिहिलेली असते, रात्री टॉर्च घेऊन येणाऱ्यांना तेवढं पुरतं. याच कारणासाठी आमच्या जागेचं नावही मी इथे घेतलेलं नाही.

गावाकडे हे चालेल का?

हा प्रश्न मला पुण्याहून आणि जालन्याहून दोघांनी विचारला. यंत्र घेऊन? नाही. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आजही आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्थळांना १९५८ चा कायदा आहे, आणि उत्खनन हे पुरातत्त्व खात्याच्या परवान्याचं काम.

पण पायरी २ आणि ३ घरबसल्या होतात, आणि त्याला कुणाची ना नाही. असईच्या मराठे-इंग्रज लढाईचं उदाहरण घ्या. २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीने कैलना नदी ओलांडली ती वाटाड्यांनी उतार नाही म्हणून सांगितलेलं असताना. दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा मध्ये उतार असणारच, असा त्याचा तर्क. आज ते उतार, जुन्या पांदी, जुई नदीचा काठ, गावातल्या म्हाताऱ्यांची शेतांची नावं, यांची वही करायला डिटेक्टर लागत नाही. नांगरताना वर आलेला गोळा कुणी देव्हाऱ्यात ठेवला असेल तर तो कुठल्या गट नंबरमधून आला एवढं मात्र आजच विचारून ठेवा. त्या आजोबांनंतर ते सांगणारं कुणी नसेल.

आमचं इथलं काम अर्धवट आहे. दक्षिणेची पट्टी चालून झाली, तिथे अकरा गोळ्या आणि एक चेपलेला पेला मिळाला. उत्तरेचं शेत दुसऱ्या मालकाचं आहे. तीन वर्षं तो नाही म्हणत होता. या ख्रिसमसला त्याच्या घरी चिवड्याचा डबा नेला, तेव्हा म्हणाला, जुलैत गहू निघाला की या, पण फावडं दिसलं तर गेट बंद.